जुनं सामान घरी न्या

तपासनीस म्हणजे वजनमापं तपासणारे. तेहतीस वर्षं त्यांनी दुकानदारांचे तराजू, पेट्रोलपंपांची मापं आणि टॅक्सींचे मीटर तपासले. बरोबर निघालं तर तार ओवून शिशाचं सील ठोकायचं, चूक निघालं तर जप्त करायचं. समोरच्याने कितीही शपथा घेतल्या तरी ते आधी आकडा बघत आणि मग माणसाकडे. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी ही खोड गेली नव्हती. दूधवाला त्यांच्या दारात माप ओतताना अजूनही थोडं जास्तच ओती.

तेव्हा गाडीसाठी त्यांनी मेकॅनिक कसा शोधला असेल, हे वेगळं सांगायला नको. गाडी गॅरेजात सोडण्याआधी ते तिच्या प्रत्येक पार्टवर कानशीने एक बारीक खूण करत. पहिल्या मेकॅनिकने नवाकोरा म्हणून जो फिल्टर बसवला, त्याच्यावर तपासनिसांची खूण जशीच्या तशी होती. दुसऱ्याने फिल्टर खरंच नवा घातला, पण चांगली बॅटरी काढून तिच्या जागी आपल्याकडची मेलेली बसवली. तिसरा बिचारा इमानदार होता. फक्त इतका विसराळू, की त्याचा पाना इंजिनाशेजारी राहिला आणि घरी येईपर्यंत गाडी खुळखुळ्यासारखी वाजत आली.

चौथा मिस्त्री शहराच्या टोकाला, गोदामांच्या मागे होता. पत्र्याची लांबट शेड, पाटी नाही. आत जमीन झाडलेली. भिंतीवर प्रत्येक पान्याच्या आकाराची पांढरी रेघ काढलेली आणि त्या रेघेत तोच पाना टांगलेला. तपासनिसांना तिथेच बरं वाटलं. मिस्त्री साठीचा, उंच, खांद्यात वाकलेला माणूस होता आणि शब्द खर्च करायला त्याच्या जिवावर येई. 'होईल', 'नाही होणार', 'चारला या', एवढ्या तीन वाक्यांवर तो धंदा चालवत असावा.

पहिल्या दिवशी क्लच प्लेट बदलायची होती. चार वाजता तपासनीस गेले, तर गाडी तयार होती आणि सीटवर एक कापडी पिशवी होती. पिशवीत जुनी क्लच प्लेट, रॉकेलने धुतलेली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. कानशीची खूण तिच्यावरच होती.

"बदलली हे दाखवायला होय?" तपासनीस खूश होऊन म्हणाले. "दाखवलीत, झालं. टाकून द्या आता."

"नाही," मिस्त्री म्हणाला. तो एकेक बोट फडक्याने पुसत होता. "जुनं सामान घरी न्या. भंगारात देऊ नका."

"मी काय करू त्याचं?"

"ठेवा. जागा फार लागत नाही."

आता ही गाडी कुणाची, ते सांगायला हवं. ती तपासनिसांच्या लेकीची होती. एकुलती एक लेक, घरात तिला ठकू म्हणत. पहिल्या नोकरीत तिने ती जुनी घेतली होती. छोटी, पांढरी, मागच्या काचेवर कुठल्या तरी आधीच्या मालकाने लावलेल्या चित्राचा अर्धा कागद. रोज सकाळी सव्वाआठला ती निघे, एकतीस किलोमीटरवरच्या ऑफिसात जाई आणि संध्याकाळी सव्वासहाला घरी येई. तपासनिसांची गल्ली उताराची, आणि त्यांचं घर उताराच्या अगदी शेवटी, भिंतीला लागून. ती वरून वळली की गिअर उतरवल्याचा आवाज येई आणि आई स्वयंपाकघरातून म्हणे, "आली."

एका गुरुवारी दुपारी तिचा फोन आला होता. "बाबा, ब्रेक जरा खाली जातोय."

तपासनीस कसलासा फॉर्म भरत होते. ते म्हणाले, "रविवारी बघू. हळू ये."

ती हळूच आली असणार. घरापासून बारा किलोमीटरवर, खाणीच्या वळणावर गाडी दगडी कठड्याला लागली. गाडीला फारसं काही झालं नाही. बंपर गेला, डावा दिवा फुटला. ठकूचं डोकं काचेच्या कडेला आपटलं. पंचवीस दिवसांनी तिचा सव्विसावा वाढदिवस होता.

बारा किलोमीटर हा आकडा पोलिसांच्या कागदावर होता. तपासनिसांनी तो स्वतः मोजला नव्हता. आयुष्यात एवढी एकच गोष्ट त्यांनी दुसऱ्याच्या भरवशावर मान्य केली. आणि गाडी दुरुस्तीला गेली तेव्हा तिथल्या माणसाने विचारलं होतं, "ब्रेकचं जुनं सामान हवंय का?" तपासनिसांना ते डोळ्यांसमोरही नको होतं. "फेकून द्या," ते म्हणाले होते.

याला दीड वर्ष झालं. त्या फोनबद्दल नवराबायको एकदाही बोलले नव्हते. बायकोने दोष दिला असता तर बरं झालं असतं, असं तपासनिसांना पुष्कळदा वाटे. ती तेवढी गोष्ट सोडून बाकी सगळं बोले.

घरात तिचा जीव रमत नव्हता. सव्वासहा वाजले की ती उठून उगाच कुठला तरी नळ सोडे. शेवटी तिच्या धाकट्या बहिणीने आपल्या शहरात, आपल्या शेजारीच जागा पाहून दिली. चारशे किलोमीटर, मध्ये मोठा डोंगर. हे घर घ्यायला एक कुटुंब तयार झालं, दिवसही ठरला. "गाडी मात्र नेऊ," बायको म्हणाली. "विकायची नाही. तिच्यातूनच जाऊ." म्हणून ही सगळी खटपट होती. डोंगर चढायचा तर चांगला क्लच हवा, मोठा रेडिएटर हवा, वरच्या मॉडेलचे दिवे हवेत, आणि ब्रेक तर बाजारात मिळतील त्यात सगळ्यात उत्तम हवेत. मिस्त्रीला तपासनिसांनी एवढंच सांगितलं, "लांबच्या प्रवासाला निघायचंय." तोही कमी बोलणारा, तेही तसलेच.

पिशव्या येत गेल्या. ठकूच्या खोलीतली पुस्तकं बांधून झाली होती, लोखंडी रॅक रिकामा होता. तपासनिसांनी सामान त्याच्यावर मांडलं. मांडतानासुद्धा त्यांची शिस्त: दिवे पुढे, रेडिएटर त्यांच्या मागे, क्लच प्लेट खाली, शॉक अब्सॉर्बर चार कोपऱ्यांना.

"लेकीच्या खोलीत भंगार कशाला?" बायको दारातून म्हणाली.

"जाताना टाकू."

"टाकायचं तर आणता कशाला? तुमचं आपलं काहीतरीच."

पण तिने रॅक पुसला आणि खाली कागद घातला.

चौथ्या पिशवीत मीटर होता. जुन्या मीटरात नुसता वेगाचा काटा आणि खाली किलोमीटरचे आकडे होते. मिस्त्रीने त्याच्या जागी वरच्या मॉडेलचा बसवला, इंजिनाची उष्णता दाखवणारा. जुना मीटर काढला तेव्हाचा आकडा तपासनिसांनी सवयीने वहीत लिहिला. एक्याण्णव हजार चारशे सहा, आणि शेवटचा लाल आकडा, किलोमीटरचा दहावा भाग, शून्य. मीटर त्यांनी दिव्यांच्या मागे, मधोमध ठेवला.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी बायको संध्याकाळी खोलीत खिडकी लावायला गेली आणि बाहेर येऊन म्हणाली, "तो दिवा तापलाय."

"कुठला?"

"जुना. उजवा."

तपासनिसांनी जाऊन हात लावला. काच चांगली कोमट होती. खिडकी पश्चिमेची, ऊन आलं असेल, ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुपारपासून जाड पडदा ओढून ठेवला आणि सहाला थर्मामीटर घेऊन बसले. खोली सत्तावीस अंश. दिव्याची काच त्रेचाळीस. सव्वासहानंतर ती निवत गेली आणि साडेसहाला खोलीएवढी झाली. दिव्याला वायर नव्हती. बल्बसुद्धा नव्हता.

त्यांनी आकडे वहीत लिहिले. पुढे 'कारण' असं लिहिलं आणि जागा मोकळी सोडली.

शॉक अब्सॉर्बरची शेवटची जोडी घरी आली त्या संध्याकाळी मीटर पाच किलोमीटरनी पुढे गेलेला दिसला.

तपासनिसांचं पहिलं मत असं, की बायकोने पुसताना मागची दांडी फिरवली असणार. "मी कशाला फिरवू? मला काय तेवढाच उद्योग आहे?" ती म्हणाली. ते खरंच होतं. मग त्यांनी जुनी पेटी काढली, मीटरच्या मागच्या दांडीतून तार ओवली, शिशाचा मणी घातला आणि पकडीने सील दाबलं. त्या सिलावर तेहतीस वर्षांत कुणी बोट ठेवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुद्दाम पाण्याचा पंप बदलून घेतला, जुना आणून रॅकवर ठेवला, आणि संध्याकाळी बघितलं. सील शाबूत होतं. आकडा आणखी चार पुढे गेला होता.

ज्या दिवशी सामान येईल त्या दिवशी मीटर चाले. न येईल त्या दिवशी दिवासुद्धा तापत नसे.

त्यांनी बायकोपासून लपवायचा प्रयत्न केला, पण एका छपराखाली काय लपतं. आता ते बदलायची गरज नसलेलेही पार्ट बदलून आणत होते, आणि ते मिस्त्रीलाही दिसत असणारच. तो विचारत नव्हता. एकदाच, पिशवी हातात देताना तो म्हणाला, "ठेवताय ना नीट?"

"ठेवतोय."

मिस्त्रीने मान हलवली आणि पाना त्याच्या रेघेत टांगला.

मग मीटर अडला. एक्याण्णव हजार चारशे सतरा, लाल आकडा सात. म्हणजे अकरा किलोमीटर आणि सातशे मीटर. तपासनिसांनी प्लग आणले, पट्टा आणला, वायपरसुद्धा आणले. आकडा हलला नाही. पण दिवा आता सव्वासहाला निवत नव्हता. सात वाजले, आठ वाजले, तरी काच तापलेलीच. रॅकजवळ उभं राहिलं की पायाखालच्या फरशीला बारीक थरथर लागे, गाडी एका जागी चालू ठेवली की लागते तशी.

तिसऱ्या दिवशी बायको खोलीत येऊन पलंगावर बसली. वही तिच्या हातात होती. ती बराच वेळ आकडे वाचत राहिली.

"किती राहिलं?" तिने विचारलं.

"तीनशे मीटर."

"म्हणजे आपल्या गल्लीचं तोंड."

गल्लीच्या तोंडापासून घरापर्यंत किती अंतर आहे, हे तपासनिसांना माहीत होतं.

"ती वर उभी आहे," बायको म्हणाली. "खाली यायला घाबरतेय. उतार आहे आपला, अहो. तिच्याकडे ब्रेक कुठंय?"

दीड वर्षात पहिल्यांदा तो शब्द त्या घरात कुणी उच्चारला होता. तपासनिसांनी रॅकची कड धरली. रॅकवर सगळं होतं; मागच्या आठवड्यात निघालेले ब्रेकसुद्धा, पण ते दुरुस्तीवाल्याने बसवलेले, पार झिजलेले, असून नसल्यासारखे. आणि जे त्यांनी स्वतःच्या तोंडाने फेकून द्यायला सांगितलं होतं, तेवढं नव्हतं.

"मी म्हटलं होतं रविवारी बघू," ते म्हणाले. ते तिथे उभ्याउभ्याच रडले, आणि बायको उठून त्यांच्या पाठीवर हात फिरवत राहिली. तीही रडत होती. "माहीत आहे मला," ती म्हणत होती. "मी इथेच होते ना. ऐकलं होतं मी. मीसुद्धा म्हटलं नाही की आजच जा म्हणून."

दुसऱ्या दिवशी सकाळी शेड उघडायच्या आधीच तपासनीस दारात उभे होते.

"नवे ब्रेक काढायचेत," ते म्हणाले. "मागच्या आठवड्यात बसवले ते. चारही चाकांचे."

मिस्त्रीने त्यांच्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच नीट पाहिलं म्हणायला हरकत नाही. मग त्याने गाडीखाली जॅक लावला. कोरे, चकचकीत ब्रेक काढले, पुसले आणि वर्तमानपत्रात गुंडाळले. गाडी विटांवर ठेवली.

"घेऊन जा," तो म्हणाला. "गाडी राहू दे इथे."

रिक्षातून पिशव्या नेताना तपासनिसांच्या मांड्या अवघडल्या, पण त्यांनी त्या खाली ठेवल्या नाहीत. रॅकच्या चार कोपऱ्यांना चार ब्रेक मांडून झाले तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. ठेवण्याआधी त्यांनी व्हर्निअरने प्रत्येक पॅडची जाडी मोजून लिहिली. अकरा मिलिमीटर, चारही.

सहाला दोघं पलंगावर येऊन बसले.

दिवा तापलेलाच होता. फरशी थरथरत होती.

सहा बारा. थरथर थांबली.

लाल आकडा हलला. सातावरून आठावर, इतका हळू की सरकताना दोन्ही आकडे अर्धे अर्धे दिसत होते.

"हळू ये गं," आई म्हणाली.

नऊ.

तापलेल्या ब्रेकचा करपट वास खोलीत भरला. तपासनिसांनी बायकोचा हात धरला. किती वर्षांनी धरला, कोण जाणे.

लाल शून्य. चारशे अठरा.

मीटर थांबला.

बाहेर गल्लीत काहीच नव्हतं. समोरच्यांचं मांजर भिंतीवर बसलं होतं, ते उतरून निघून गेलं. बायकोने जाऊन दार सताड उघडलं आणि चौकटीला धरून उभी राहिली.

"दमलीस ना," ती रिकाम्या दारात म्हणाली. मग ती आत आली आणि पाण्याचा एक पेला भरून टेबलावर ठेवला.

तपासनिसांनी पॅडला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. बोटावर फोड आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वाआठला मीटर पुन्हा चालू झाला. नऊ वाजता थांबला. एकतीस किलोमीटर. संध्याकाळी साडेपाचला परत सुरू झाला आणि सव्वासहाला थांबला. एकतीस. रोज हेच. आता नव्या सामानाचीही गरज लागत नव्हती. सव्वासहाला पॅड तापलेले असत, आणि वहीत त्यांची जाडी केसाकेसाने कमी होत जाई. सील तसंच होतं.

तो महिना त्या घराला बरा गेला, हे मान्य करायला हवं. बायको सव्वासहाला नळ सोडायची थांबली. "आली," ती स्वयंपाकघरातून म्हणे. तपासनीस मीटर बघून म्हणत, "एकतीस. बरोबर." दोघं जेवताना बोलत. एकदा तर ती हसलीसुद्धा. ते पॅडवर फुंकर घालताना तिने पाहिलं, म्हणून.

घर सोडायचा दिवस मात्र येऊन ठेपला होता. शब्द दिलेला होता, समोरच्या माणसांनी आपली जागा सोडली होती.

"येईल ना ती तिकडे?" बायकोने विचारलं.

"सामान सोबत नेतोय ना," तपासनीस म्हणाले. त्यांनी यावर चार दिवस विचार केला होता. "सामान नव्हतं तोवर काही नव्हतं. ब्रेक नव्हता तोवर ती अडली. जिथे सामान, तिथे ती. पडताळून पाहिलंय सगळं."

बायकोला ते पटलं. तेहतीस वर्षांत त्यांचा हिशेब चुकलेला तिने पाहिला नव्हता.

निघायच्या दिवशी सकाळी सव्वाआठला मीटर सुरू झाला. नऊला थांबल्यावर, म्हणजे ती ऑफिसात पोचल्यावर, त्यांनी रॅक उतरवला. एकेक पार्ट कागदात गुंडाळून पिशव्यांत भरला, पिशव्यांवर क्रमांक घातले. दुपारी घर घेणारे आले. भली माणसं होती. त्यांनी कुलूप बदलायचं म्हटलं, तपासनीस म्हणाले, जरूर बदला. ट्रक पुढे गेला. उरल्या पिशव्या घेऊन दोघं रिक्षाने मिस्त्रीकडे आले.

गाडी तयार होती. मिस्त्रीने तिला ब्रेकचा दुसरा नवा संच बसवला होता, काचा धुतल्या होत्या. बायको पुढच्या सीटवर बसली. मीटर तिने पिशवीत ठेवू दिला नव्हता, तो तिच्या मांडीवर होता. तपासनीस डिकी उघडून पिशव्या क्रमाने लावू लागले. मिस्त्री मदतीला आला. दुसऱ्या पिशवीला त्याचा हात लागला आणि तिथेच थांबला.

"हे कुठे नेताय?"

"सोबत."

"किती दिवस?"

"कायमचेच निघालोय हो. घर दिलं आम्ही. दुपारी किल्ल्या दिल्या."

मिस्त्रीने हात पुसले. एकेक बोट, सावकाश. मग म्हणाला, "साहेब, आत या."

शेडच्या मागे एक खोली होती. एक खाट, एक स्टोव्ह, आणि भिंतीला लागून लाकडी फळी. फळीवर मोटरसायकलचं सामान मांडलेलं होतं. दिवा, साखळी, क्लच, दोन्ही ब्रेक, सगळं आपापल्या जागी. मधोमध गोल मीटर होता. त्याला कुठलीही वायर नव्हती. काटा साठावर थरथरत होता.

"मुलाची," मिस्त्री म्हणाला.

तपासनिसांनी दिव्याला हात लावला. चटका बसला.

"ब्रेक दिलेत ना त्याला?"

"सगळं दिलं."

"मग?"

"आम्ही राहायचो ते घर मी त्या वर्षीच सोडलं. बायको राहिली नाही, एकट्याला नकोसं झालं. हे सगळं उचलून इथे आणलं." त्याला एवढं सलग बोलायची सवय नव्हती, तो मध्ये थांबला. "सतरा वर्षं झाली. मीटर कितीदा भरून परत शून्यावर आला, मोजणं सोडून दिलं. दिवसा थांबत नाही, रात्री थांबत नाही. पेट्रोल कुठे भरतो, देव जाणे."

तपासनिसांचा हात आपोआप खिशात गेला. व्हर्निअर खिशातच होता. त्यांनी फळीवरचा पॅड उचलला, जबड्यात धरला आणि उजेडाकडे नेऊन आकडा वाचला. मग दुसरा मोजला. दोन्ही पॅड कोरे होते, कारखान्यातून निघाले तेव्हाएवढेच जाड. सतरा वर्षांत कुणी एकदाही ब्रेक दाबला नव्हता.

"आधी का नाही सांगितलंत?" त्यांना विचारायचं होतं. पण कुणी कुणाला काय सांगितलं होतं? ते स्वतः एवढंच म्हणाले होते की लांबच्या प्रवासाला निघायचंय.

ते घाईघाईने बाहेर आले. शेडमधल्या घड्याळात सहा वाजून सतरा मिनिटं झाली होती. बायको पुढच्या सीटवर तशीच बसली होती. मीटर तिने दोन्ही हातांनी धरला होता, आणि तिने वर पाहिलं नाही.

"अहो," ती म्हणाली, "एकतीसला थांबली नाही."

तपासनीस डिकीकडे धावले. पिशवीची गाठ सुटेना, त्यांनी ती दातांनी सोडवली. वर्तमानपत्र फाडलं.

"बत्तीस," बायको म्हणाली.

त्यांनी पॅडला तळवा लावला आणि तसाच धरून ठेवला. पॅड गार होता.